मानवतच्या ताटावर आठ फ्रेंच वाक्यं

मानवतला जाऊन आल्यापासून आमच्या पेढीत मला 'फ्रेंच पंडित' म्हणतात. म्हणोत बापडे! पण परभणी जिल्ह्यात कधी पाऊल न टाकलेल्या वाचकांना खरा प्रकार कळावा, म्हणून ही हकिगत लिहायला घेतली आहे. किल्ले, लेणी, डोंगरमाथ्यावरचा सूर्योदय असलं यात काही सापडायचं नाही. यात जेवण आहे, आणि जेवणाची तारीफ आहे. तीही फ्रेंचमध्ये.

आधी माझ्या फ्रेंचबद्दल सांगून टाकतो. पुण्यात एका रद्दीच्या दुकानात मला फ्रेंच संभाषणाचं एक पुस्तक मिळालं. त्याची पहिली पानं वाळवीनं खाल्ली होती आणि शेवटच्या पानांत कुणीतरी भेळ खाल्ली असावी. मधे एकच धडा शिल्लक होता, 'उपाहारगृहात'. त्या धड्यात एक सद्गृहस्थ येतात, जेवतात, आणि जेवणाची आठ वाक्यांत स्तुती करून निघून जातात. ती आठ वाक्यं मी घोकून घोकून तोंडपाठ केली. माझं फ्रेंच तिथंच सुरू होतं आणि तिथंच संपतं.

एकदा पेढीत चहा पिताना मी सहज म्हणालो, "से देलिसिओ!" म्हणजे, फार रुचकर आहे. चहा गुळचट आणि गार होता, पण ते महत्त्वाचं नाही. आमच्या मॅनेजरांनी ते ऐकलं. पुढं दोन महिन्यांनी आमच्या पेढीनं कापसाच्या गठाणी बांधायचं एक फ्रेंच यंत्र मानवतच्या एका जिनिंगवाल्याला विकलं, ते बसवायला फ्रान्सहून एक इंजिनियर आला, आणि मॅनेजर मला म्हणाले, "त्याला म्हणे फ्रेंचशिवाय काही येत नाही. दुभाषी म्हणून तुम्हीच जा." मला नाही म्हणायचं होतं. पण त्याच आठवड्यात बढतीची यादी व्हायची होती, त्यामुळं तोंडून 'अवश्य' निघालं.

मानवत रोड

गाडीचा प्रवास सांगण्यासारखा नाही. मनमाडला छोट्या गाडीत बसलो आणि मानवत रोडला उतरलो तेव्हा आम्ही दोघेही धुळीनं एकाच रंगाचे झालो होतो.

इंजिनियरचं नाव बोनार. पन्नाशीचा, उंच, तांबूस, आणि सभ्य. इतका सभ्य माणूस मी पाहिलेला नाही. न्यायला आलेल्या दमणीच्या गाडीवानानं 'राम राम' केला, तर यानं टोपी काढून आधी गाडीवानाला आणि मग दोन्ही बैलांना नमस्कार केला. वाटेत तो माझ्याशी अखंड फ्रेंच बोलत होता. मी मान डोलवत होतो आणि थोड्या थोड्या वेळानं 'से देलिसिओ' म्हणत होतो. दुतर्फा कापूस फुटला होता, ज्वारी कणसात आली होती. त्याला वाटलं असेल, हा माणूस रानालाच रुचकर म्हणतोय.

जिल्हा मुंबई राज्यात आल्याला वर्ष होऊन गेलं होतं. कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलल्या होत्या, पण माणसांच्या बोलण्यात हैदराबाद तसंच होतं. जिनिंगचे मालक नारायणशेट आम्हाला बघताच म्हणाले, "या, या! तकलीफ तर न्हाई ना झाली? सगळा बंदोबस्त केलेला हाय. फिकरच करू नका." मी चष्मा लावतो आणि पुण्याचा आहे एवढ्यावरून त्यांनी मला 'मास्तर' करून टाकलं आणि शेवटपर्यंत मी मास्तरच राहिलो.

गयाबाईची खानावळ

साहेबाच्या जेवणाचा बंदोबस्त गयाबाईकडं होता. बाई चाळिशीची, मूळची चुडाव्याची. नवरा गेल्यावर जिनिंगच्या आवाराला लागून नारायणशेटांच्या पत्र्याच्या छपरात तिनं खानावळ घातली होती. आम्ही हातपाय धुऊन बसलो, आणि शेटजींनी आमच्यासमोरच तिला सुनावलं.

"बाई, ह्ये नवं यंत्र चालू झालं की मजूर वाढनार. समद्यांची खानावळ एकाच्याच हाती द्यायची हाय मला. परभनीचा हाटेलवाला रोज चकरा मारायलाय. साहेबानं तुझ्या जेवनाची तारीफ केली, तर खानावळ तुझी. नाव ठेवलं तर छप्पर त्याला दिलं म्हनून समज. मंग माझ्या नावानं बोंबलायचं न्हाई."

"व्हय, शेटजी," गयाबाई म्हणाली, आणि तिनं साहेबाकडं न बघता माझ्याकडं बघितलं. साहेबाची तारीफ शेवटी माझ्याच तोंडून बाहेर पडणार, हे तिला बरोबर कळलं होतं.

ताटात ज्वारीची भाकरी, येसराची, म्हणजे भाजक्या डाळी-मसाल्याच्या पिठाची आमटी, करडईची भाजी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. ठेचा पहिल्या घासाला लागला तेव्हा मला पेढीतले सगळे वरिष्ठ आठवले. बोनारसाहेबानं मात्र सगळं संपवलं. शेवटी भाकरीच्या तुकड्यानं ताट पुसून लख्ख केलं आणि हात मांडीवर ठेवून नम्रपणे बसला. गयाबाईनं ताबडतोब दुसरी भाकरी टाकली, आमटी ओतली. त्यानं तेही पुसून खाल्लं. तिनं तिसरी टाकली.

आमच्या पुण्यात पाहुण्याचं ताट रिकामं दिसलं की 'झालं ना?' असं विचारून हात धुवायला पाणी देतात. मानवतला रिकामं ताट ही यजमानाची नाचक्की असते. पाहुणा भुकेला राहिला, असा त्याचा अर्थ. ताटात चार घास उरेपर्यंत वाढणाऱ्याचा हात थांबत नाही. हे मला दिसत होतं, पण ते त्या माणसाला सांगायला माझ्याकडं फ्रेंच कुठलं?

तिसऱ्या भाकरीला साहेबाचा चेहरा टोमॅटोसारखा झाला, डोळ्यांतून धारा लागल्या. तो माझ्याकडं वळून एक लांबलचक वाक्य बोलला. शेटजी माझ्याकडं बघतायत, गयाबाई हातात पळी धरून उभी.

"साहेब म्हणतात," मी खाकरून सांगितलं, "असं जेवण त्यांच्या पॅरिसातसुद्धा मिळत नाही."

"आन् डोळ्याला पानी कामून आलं?" शेटजींनी विचारलं.

"आईची आठवण झाली त्यांना."

छपरात हळहळ पसरली. मग साहेबालाही काहीतरी उत्तर द्यायला हवं होतं. मी धड्यातलं चौथं वाक्य ठेवून दिलं, "मे काँप्लिमाँ ओ शेफ!" म्हणजे, स्वयंपाक करणाऱ्याला माझी शाबासकी कळवा. बोनारसाहेबानं माझ्याकडं बराच वेळ बघितलं, मान लववली, आणि तिसरी भाकरी संपवली.

"बाई!" शेटजी गरजले. "साहेबाला तिखट पसंद पडलं! उद्या आनखी झनझनीत हू द्या!"

जिनिंगमधले दिवस

यंत्राचं काम मात्र माझ्यावाचून सुरळीत चाललं. बोनारसाहेब आणि जिनिंगचे मिस्त्री एकमेकांकडं बघून बोट दाखवायचे, पाना फिरवायचे, हसायचे. मी मधे उभा राहून कापसाची फुसकट नाकात घ्यायचो. दुसऱ्या दिवशी मिस्त्री मला म्हणाले, "मास्तर, तुमी उगं उभे ऱ्हाऊ नका, सावलीला बसा." पुण्याहून मला कशाला बोलावलं, हे त्यांना शेवटपर्यंत समजलं नाही.

माझी गरज फक्त जेवणाला लागायची. रोज दुपारी साहेब ताट पुसायचा, बाई वाढायची, साहेब रडायचा, लांबलचक बोलायचा, मी तारीफ सांगायचो. लोक आता मुद्दाम ऐकायला यायचे. एक म्हातारे गृहस्थ दाराशी उकिडवे बसून म्हणायचे, "काय वानी हाय मास्तराची! निस्तं पान्यावानी!" खोटं कशाला सांगू, मला ते आवडायला लागलं होतं. पुण्यात माझ्या बोलण्याकडं इतकं लक्ष कुणी दिलेलं नाही.

मळ्यावर

चौथ्या दिवशी शेटजींनी मळ्यावर हुरडा ठेवला. गोवऱ्यांच्या आरात ज्वारीची कोवळी कणसं भाजायची, गरम गरम हातावर चोळायची, फुंकर मारायची आणि हिरवे दाणे दही-गुळाबरोबर तोंडात टाकायचे. बोनारसाहेब लहान मुलासारखा खूश झाला. आल्यापासून पहिल्यांदाच तो न रडता जेवत होता. मग शेटजी त्याला विहिरीवरचं इंजिन दाखवायला घेऊन गेले, आणि आराशी गयाबाई आणि मी असे दोघेच उरलो.

"मास्तर, एक इचारू? राग न्हाई ना येनार?"

"विचारा की."

"साहेब इतकं लांबलांब बोलायलाय. पर तुमी दर बारीला तेच सांगायलाव. आन् तुमी त्याला बोलायलाव तेबी रोज तेच. परवा ठेच्याला तेच, काल ताकाला तेच. आज म्या कान देऊन ऐकलं. हुरड्यालाबी तेच."

माझ्या हातातलं कणीस आरात पडलं. "बाई," मी म्हणालो, "फ्रेंच भाषा फार मोजकी असते."

"असंल." तिनं काठीनं कणीस बाहेर काढून दिलं. "पर मला झोप न्हाई. तारीफ तारीफ म्हनतेत, तोंडानं चांगलं म्हनायला काय लागतंय? मानसाला खरं आवडलं तर ते मागतंय. 'वाढा' म्हनतंय. साहेब एकडावबी मागत न्हाई. वाढलं की खातंय, निमूट. औषीद घेतल्यावानी. शेटजीच्या ध्यानात न्हाई आलं. आलं मंजी माझं छप्पर गेलंच."

मी म्हणालो, "त्यांच्या देशात मागत नसतात." इतकं सफाईनं खोटं बोलायला मी कुठं शिकलो, देव जाणे. ती खाली मान घालून कणसं चोळत राहिली. मला स्वतःची लाज वाटली. पण लाज वाटून बढती सोडून देणारा माणूस मी नव्हे.

सहावा दिवस

सहाव्या दिवशी सकाळी बोनारसाहेब बाजेवरून उठलाच नाही. पोट धरून पडला होता, चेहऱ्याचा रंग उतरलेला. डॉक्टर आले, पुड्या देऊन गेले आणि जाताना एवढंच म्हणाले, "ह्यांना इतकं तिखट कोण खाऊ घालायलंय?"

नारायणशेटांचा पारा चढला. यंत्र अर्धं बसलेलं, कापूस आवारात येऊन पडलेला, आणि साहेब आडवा. "बाईचं बंद!" ते ओरडले. "मेहमानाला इख घातलंस! उद्या हाटेलवाला येईल. छप्पर रिकामं कर."

गयाबाई दारात उभी होती. ती रडली नाही, शेटजींच्या पायाही पडली नाही. माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "मास्तर, साहेब खरं काय म्हनलं हुतं, तेवढं सांगा. माझी चूक असंल तर मी जाते."

साहेब काय म्हणाला होता हे मला ठाऊक असतं तर प्रश्नच नव्हता. एका बाजूला माझी खुर्ची, दुसऱ्या बाजूला हिची चूल. खुर्ची गेली असती तर मी पुण्यात दुसरी शोधली असती. ही बाई कुठं जाणार होती? हे समजायला मला सहा दिवस लागले, यावरून माझी अक्कल किती ते वाचकांनी ओळखावं.

मी शेटजींना गाठलं. "बाईंची काही चूक नाही. चूक माझी आहे. मला फ्रेंच येत नाही."

शेटजी खो खो हसले. "वा मास्तर! लय मोठं मन हाय तुमचं. बाईसाठी खोटं बोलायलाव! सारं गाव ऐकायलंय की तुमची फराशी, न येता कुनी तसं बोलतंय व्हय?"

आयुष्यात एकदाच खरं बोललो आणि कुणी विश्वास ठेवला नाही!

मग सरळ बोनारसाहेबाच्या बाजेशी गेलो. त्याच्यापुढं तरी कबुली द्यावी म्हणून, दुसरं काही सुचेना तेव्हा इंग्रजीत म्हणालो, "साहेब, मला माफ करा. मला फ्रेंच येत नाही."

तो उशीवरून माझ्याकडं वळला आणि चांगल्या स्वच्छ इंग्रजीत म्हणाला, "ठाऊक आहे. पहिल्याच दिवशी कळलं."

"तुम्हाला इंग्रजी येतं?"

"एका इंग्रजी कारखान्यात सहा वर्षं होतो."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही इतक्या आनंदानं फ्रेंच बोलत होता," तो म्हणाला. "मधेच इंग्रजी काढणं म्हणजे तुमचा अपमान. मला ते बरं वाटेना."

हे ऐकून हसावं की रडावं कळेना. तुमचा मान, माझा मान, असं करत आम्ही दोघं सहा दिवस मुके राहिलो होतो, आणि आमच्या सभ्यतेचं बिल त्या बाईच्या चुलीवर फाटत होतं. मी विचारलं, तुम्ही रोज म्हणत तरी काय होता? त्यानं शांतपणे सांगितलं. पहिल्या दिवशी म्हणाला होता, तिखट थोडं कमी करायला सांगा. दुसऱ्या दिवशी, कृपा करून त्यांना वाढणं थांबवायला सांगा. पाचव्या दिवशी, इथं डॉक्टर कुठं मिळतील? "आणि तुम्ही दर वेळी म्हणालात, स्वयंपाक करणाऱ्याला माझी शाबासकी कळवा."

"पण मग ताट पुसून का खात होता?"

"ताटात काही टाकलं तर आमच्याकडं स्वयंपाक करणाऱ्याचा अपमान होतो. आईनं लहानपणी तसंच शिकवलंय." म्हणजे आई खरंच मधे होती, मी बोललो ते अगदीच खोटं नव्हतं.

मी जाऊन गयाबाईला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, रद्दीतलं पुस्तकसुद्धा सांगितलं. ती ऐकत राहिली आणि मग जी कडाडली!

"दोगंबी शिकलेले! त्यो तिकडला, तुमी पुन्याचे! आन् मी येडी पहाटं उठून मिरच्या वाटायले! आवो, मला सांगितलं आसतं तर मी दूधभाकर दिली नसती का? तुमच्या मानापायी माझं घर उठायलं हुतं की!"

मी खालमानेनं ऐकून घेतलं. त्या सगळ्या प्रवासात मला जे मिळायला हवं होतं ते तेवढंच मिळालं.

कण्या आणि ताक

दुसऱ्या दिवशी हॉटेलवाला येण्याआधी, शेटजींना 'एवढं एक जेवण बघा' म्हणून मी गळ घातली. गयाबाईनं ज्वारीच्या मऊ कण्या शिजवल्या, वर ताक, किंचित मीठ. बाकी काही नाही. साहेबाला मी इंग्रजीत रीत समजावली: इथं पुरे झालं की चार घास ताटात ठेवायचे, आणि आणखी हवं असेल तर 'वाढा' म्हणायचं. गयाबाईनं मला दारातच अडवलं.

"त्याला सांगा, पोटात जागा असंल तरच माग. माझी दया येऊन मागू नको. तसलं मला नगं."

हेही मी शब्दशः सांगितलं. दुभाषी म्हणून केलेलं माझं पहिलं काम.

बोनारसाहेब जेवायला बसला. नारायणशेट समोर हाताची घडी घालून उभे. साहेब हळूहळू खात होता. डोळे कोरडे, कपाळावर घाम नाही. ताट संपलं. गयाबाई पळी घेऊन उभी राहिली, पण या वेळी ती वाढायला पुढं झाली नाही. आपल्या खानावळीत आयुष्यात पहिल्यांदा ती रिकाम्या ताटापुढं थांबून राहिली होती, आणि ते तिला जड जात होतं.

साहेबानं ताट दोन्ही हातांनी उचलून तिच्यापुढं धरलं. "वाढा."

तिनं अर्धीच पळी वाढली. त्यानं ती खाल्ली. "वाढा." पुन्हा अर्धी. ती खाऊन तिसऱ्यांदा, जरा मोठ्यानं, "वाढा!" म्हणाला, आणि तेव्हा गयाबाईनं पळी भरून वाढली आणि पदर डोळ्यांना लावला.

नारायणशेटांना फ्रेंच कळत नव्हतं, पण हे कळलं. त्यांनी साहेबाच्या ताटाकडं बघितलं, बाईकडं बघितलं, आणि म्हणाले, "हाटेलवाल्याला निरोप धाडा, येऊ नको म्हनाव. छप्पर बाईकडंच ऱ्हाऊ द्या." मग माझ्याकडं वळून, "बगा मास्तर, तुमच्या फराशीनं काम केलं शेवटी!"

निघायच्या दिवशी गयाबाईनं वाटेसाठी धपाटे बांधून दिले. मला तिला काहीतरी चांगलं म्हणायचं होतं. तोंड उघडलं, आणि लक्षात आलं, जेवणाची स्तुती करायची आठ वाक्यं मला फ्रेंचमध्ये येतात, मराठीत एकही येत नाही. "येतो मग," एवढंच म्हणालो.

पुणे

बोनारसाहेबानं आमच्या पेढीला पत्र पाठवलं, 'आपले दुभाषी अत्यंत सभ्य गृहस्थ आहेत.' मला बढती मिळाली. जगात न्याय नाही म्हणतात ते असं.

परतल्यावर पहिल्याच संध्याकाळी बायकोनं, सुमतीनं, ताट वाढलं. भात आणि चिंचगुळाची आमटी. रोज मी ती वर्तमानपत्र वाचत जेवतो. त्या दिवशी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं आणि म्हणालो, "आमटी छान झालीय."

सुमतीनं दचकून पळीभर आमटी हातावर घेऊन चाखली. "का हो? मीठ पडलं नाही का?"

मग मला मानवत आठवलं. ताट उचलून तिच्यापुढं धरलं. "वाढ."

ती पातेल्यात बघत राहिली. "एवढीच आहे, माझ्या वाटची. लग्नाला अकरा वर्षं झाली, तुम्ही कधी दुसऱ्यांदा मागितली नाहीत. मी मोजूनच करते." आणि मी 'राहू दे' म्हणायच्या आत तिनं ती सगळी माझ्या भातावर ओतली. त्या रात्री ती ताकभात जेवली.

दुसऱ्या दिवशी शेगडीवर मोठं पातेलं होतं.